कॅम्पर ओढायला पेट्रोल की डिझेल?
ठाण्याहून माळशेजला कॅम्पर (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) न्यायचा तर पेट्रोल पिकअप का नको, असं विचारलंत. अहो, आपल्याकडे टोयोटाचा हायलक्स पिकअप काय, इसुझूचा व्ही-क्रॉस काय, दोन्ही डिझेलच! हायलक्स ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे ओढायची ताकद), तोही इंजिन कमी वेगाने फिरत असताना. घाट चढताना इंजिन बोंबलत नाही. कस लागतो तो उतरताना. नुसत्या ब्रेकवर उतरलात की जळका वास येणारच, खालचा गिअर हवा. डिझेलची डोकेदुखी म्हणजे बीएस-६ प्रदूषण नियमांमुळे आलेला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. रोज घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रांगत असाल (आणि तिथे दुसरं काय करणार?) तर काजळी साठते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग ती काजळी जळावी म्हणून मोकळ्या हायवेवर गाडी सलग पळवावी लागते. आणि कॅम्परला स्वतःचे ब्रेक आहेत का, ते आधी बघा.