पगाराच्या दुसऱ्या दिवशी भट्टी थांबते, भरपाई कुणी करायची?

भट्टीवाला (फौंड्रीचा मालक), उद्यमबाग, बेळगाव
१० तारखेला पगार झाला. ११ला सकाळी १४ जणांतले ५ आले नाहीत. दोघांना ताप, एकाकडं मयत, उरलेले दोघं पिऊन कुठं पडलेत ते गल्लीला ठाऊक. भट्टी लावून झाली होती. बीड (ओतीव लोखंड) वितळलं, मोल्ड म्हणजे वाळूचे साचे मात्र निम्मेच भरून तयार. वितळलेलं बीड १४०० अंशांवर धरून ठेवायचं तर मीटर पळतो, थंडावलेलं ओतलं तर कास्टिंगला सांधे दिसतात. शेवटी उरलेला रस वाळूत ओतून लाद्या पाडल्या. त्याच लाद्या पुन्हा वितळवायच्या, म्हणजे वीज दोनदा. लोक म्हणतात खाड्याचा पगार तर वाचला! आलेल्या ९ जणांनी रात्री नऊपर्यंत थांबून मोल्ड भरले. दारूच्या खाड्याची किंमत कामावर आलेला माणूस भरतो, हे मला सहन होत नाही. म्हणून अशा एका खाड्याला दोन दिवसांचा पगार कापणार आहे. बोला.

वडगावचा मोल्डर
कापताच येणार नाही, मालक. २०१९च्या वेतन संहितेत स्पष्ट आहे, गैरहजेरी जेवढी तेवढीच कपात. आणि त्या ९ जणांना नऊपर्यंतच्या जादा तासांचे दुप्पट दराने पैसे दिले का? त्याच संहितेने द्यावे लागतात. ते दिले नसतील तर आलेल्या माणसाची किंमत तुम्हीच बुडवलीय. मी १९ वर्षं वाळू ठोकतोय. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही, डोळ्यासमोर भट्टीच दिसते. मी पीत नाही, पण पिणारा मजेत पितो असं मला कुणी सांगू नये.

खानापूरचा मुकादम
कायदा बरोबर असेल, पण स्लॅबच्या दिवशी या की हो आमच्याकडं. मिक्सर सुरू, खडी-वाळू पडलेली, आणि माल चढवणारे ८ जणांतले ३ गायब. स्लॅब अर्ध्यावर सोडला तर जोडातून पाणी उतरतं, घरमालक दहा वर्षं शिव्या देतो. त्यातल्या एकाने माझी ६ हजार उचल घेतलेली. ती कुणाकडून वसूल करू? कंबर सगळ्यांचीच दुखते, तरी पाच जण आलेच ना?

सरकारी दवाखान्यातली सिस्टर
दोन्ही बाजू माणूस आळशी की बिचारा यावरच भांडताहेत. माझ्याकडं तो सकाळी येतो तेव्हा चहाचा कप बशीवर वाजत असतो, अंगाला घाम, रात्रभर झोप नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की असं होतं, काहींना फिट येते. त्याच्या डोक्यात एकच असतं, क्वार्टर घेतली की हात थांबेल. मग तो कामाला यायचा राहतो. केंद्र सरकारच्या २०१९च्या अहवालात देशात ५ कोटी ७० लाख लोकांना दारूसाठी उपचाराची गरज असल्याचं म्हटलंय. पगार कापून फिट थांबत नाही. त्याला दवाखान्यात आणा, आणि घरी एकदम सोडायला लावू नका, जीव जाऊ शकतो.

मुकादम
सिस्टर, उपचार मान्य. पण २००७च्या जुलैत कर्नाटक सरकारने सारायी, म्हणजे पिशवीतली स्वस्त दारू, बंद केली, तेव्हा वाटलं सुटलो. सारायीच्या पिशव्या गेल्या, बाटल्या आल्या. आणि हद्द ओलांडून महाराष्ट्रात शिनोळीला गेलं की देशी आहेच. दुकानं उघडी ठेवून माणसाला दवाखान्यात नेऊन काय होणार?

भट्टीवाला
मोल्डरभाऊ, जादा तासांचे पैसे साध्या दराने दिले होते, फरक येत्या पगारात देतो. दोन दिवसांची कपात मागे. पण माझा मुद्दा तिथंच आहे. आता विचार असा, पिणाऱ्याने लिहून दिलं तर त्याचा पगार बायकोच्या खात्यावर टाकायचा.

हलग्याची सून
दादा, आधी आम्हाला विचारा. आमच्या ह्यांच्या मागच्या साहेबांनी असंच केलं होतं. त्याच संध्याकाळी हे दारात उभे, "माझा पगार काढ." कार्ड पिठाच्या डब्यात लपवलं होतं. डबा पालथा झाला, पीठ सगळं फरशीवर, पोरगी कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी खाडा त्यांचाही झाला आणि माझाही, कारण सुजलेला डोळा घेऊन मी शिलाईच्या कामाला कशी जाणार? त्या दिवसाचे माझे ३५० गेले, ते कुणाच्याच हिशेबात नाहीत. सिस्टर सांगतात तसं त्यांना दवाखान्यात न्यायला एक माणूस आणि एक दिवसाची भरपगारी रजा द्या. मी एकटी म्हटलं तर ते येत नाहीत. मालक म्हणाले तर येतील.

भट्टीवाला
ताई, माझ्याकडच्या त्या दोघांना सोमवारी मीच गाडीतून नेतो. रजा भरपगारी. सिस्टर, ओपीडी किती वाजता असते तेवढं कळवा.