रॉक अँड रोलचं माहेर मेम्फिस नव्हे, न्यू ऑर्लिन्स!

शेलॅक (धागाकर्ता)

ऑगस्टात एल्विसची पुण्यतिथी आली की मेम्फिसचं पुराण लागतं. सन स्टुडिओ, त्याचा मालक सॅम फिलिप्स, ट्रक चालवणारा लाजरा पोरगा आणि 'दॅट्स ऑल राइट' मुद्रित झालं ती ५ जुलै १९५४ची रात्र. मंडळी, एल्विसशी माझं काही वाकडं नाही. पण माझ्या अगदी लाडक्या तबकड्या बाजूला काढल्या, तर निम्म्याहून जास्त एकाच खोलीत ध्वनिमुद्रित झालेल्या निघतात आणि ती खोली मेम्फिसात नाही. न्यू ऑर्लिन्सला नॉर्थ रँपार्ट स्ट्रीटवर कोझिमो मटासाचं दुकान होतं, त्याच्या मागच्या अंगाला. नाव जे अँड एम स्टुडिओ.

रॉय ब्राउनने १९४७ साली 'गुड रॉकिंग टुनाइट' इथेच गायलं. पुढच्या वर्षी वायनोनी हॅरिसने ते जास्त गाजवलं, १९५४ साली एल्विसनेही घेतलं. मला तिघांत रॉय ब्राउनच भावतो, त्याचा आवाज वर ताणला गेला की चर्चमधली आळवणी ऐकू येते. लॉइड प्राइसचं १९५२चं 'लॉडी मिस क्लॉडी'ही इथलंच, पियानोवर फॅट्स डॉमिनो.

माझी पैज मात्र १० डिसेंबर १९४९ला झालेल्या 'द फॅट मॅन'वर. डॉमिनो तेव्हा २१ वर्षांचा. चाल जुनीच, चॅम्पियन जॅक दुप्रीच्या एका ब्लूजवरून आलेली. मध्येच डॉमिनो तोंडाने 'वा वा' करत ट्रम्पेटची नक्कल करतो आणि लोक तिथेच रमतात. मी म्हणतो, ड्रम ऐका. अर्ल पामर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जो फटका मारतो, तो शेवटपर्यंत सोडत नाही. तिथल्या जुन्या जॅझमध्ये हा जोर शेवटच्या धुमाळीपुरता राखून ठेवत. पामरने तो अख्ख्या गाण्याला लावला.

आता या १४ सप्टेंबर १९५५ला. खोली तीच, ड्रमवाला तोच, गायक लिटल रिचर्ड. सेशन रखडलेलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे 'ड्यू ड्रॉप इन'मध्ये गेले, तिथे रिचर्ड पियानोवर बसला आणि क्लबात म्हणायचं एक चावट गाणं त्याने दणकून म्हटलं. निर्माता बम्प्स ब्लॅकवेलचे कान टवकारले. डोरोथी लाबोस्ट्री नावाच्या तरुण गीतकार बाईकडून शब्द सोवळे करून घेतले आणि उरल्यासुरल्या वेळात 'टुटी फ्रुटी' उरकलं. रिचर्डचा उजवा हात पियानोवर सरळसोट आठ ठोके मारत राहतो. पामर पुढे सांगायचा, की त्या हाताशी जुळवून घेता घेताच आपला शफल (लांब-आखूड मात्रांचा झुलता ठेका) सुटला आणि सरळ ठेका हाताशी आला. आज रॉकचा म्हणून जो ठेका जगभर वाजतो, तो असा जमत गेला. याला माहेर म्हणायचं नाही, तर कशाला?

असहमत असाल तर जरूर या. फक्त 'एल्विस द किंग' एवढंच लिहून पळू नका.

बीलस्ट्रीट

पळत नाही, बसतोच आता मांडी ठोकून.

शेलॅकराव, तुम्ही मेम्फिस म्हणजे एल्विस असं सोयीस्कर समीकरण मांडून मग ते खोडलंत. एल्विस त्या दारातून आत यायच्या आधी सॅम फिलिप्सने तिथे हाउलिन वुल्फ आणि बी. बी. किंग या ब्लूजवाल्यांना रेकॉर्ड केलं होतं. आणि मार्च १९५१चं 'रॉकेट ८८'? तबकडीवर नाव जॅकी ब्रेन्स्टनचं, पण बँड आइक टर्नरचा. मिसिसिपीहून मेम्फिसला येताना गिटारचा अँप्लिफायर बिघडला. फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम चालवलं, असं सांगतात. त्यातून विली किझार्टची गिटार जी घरघरायला लागली, ती दुसरा कोणी असता तर 'दुरुस्त करून या' म्हणाला असता. फिलिप्सने ती उलट पुढे आणली. तुम्ही ठेक्याचं माहेर सांगताय, मी पोताचं सांगतोय. रॉकमधला खरखरीतपणा कुठून आला?

दुसरं म्हणजे, ५ जुलैच्या 'दॅट्स ऑल राइट'मध्ये ड्रमच नाही! एल्विसची गिटार, स्कॉटी मूरची गिटार, बिल ब्लॅकचा डबल बास, बस्स. बास वाजवताना तो तारा फळीवर आपटतो, तोच काय तो ठेका. ड्रमशिवाय ती तबकडी पळते. मग तुमचा ड्रमसिद्धान्त कुठे गेला?

शेलॅक

'रॉकेट ८८' मलाही आवडतं. पण ते मुळात जिमी लिगिन्सच्या 'कॅडिलॅक बूगी'चं दुसरं बारसं आहे, हे ब्रेन्स्टनही नाकारत नसे. बँडची चाल १९४०च्या दशकातल्या जंप ब्लूजचीच, म्हणजे नाचायच्या वेगवान ब्लूजची. नवी आहे ती घरघर, आणि ती अपघाताने आली. पामरचा ठेका अपघात नव्हता.

बिनड्रमच्या एल्विसबद्दल: तीच मंडळी थोड्याच काळात ड्रमर सोबत घेऊन फिरू लागली की नाही?

दुसरी बाजू

हे असंच होतं. दोन पुरुष दोन शहरांची सातबारे काढून बसले आहेत आणि एवढ्या प्रतिसादांत एका बाईची तबकडी नाही. गीतकार म्हणून एक डोकावली, तीही शब्द धुवायला.

सिस्टर रोझेटा थार्प. 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' १९४४ साली मुद्रित झालं, १९४५ साली गाजलं. देवाचं गाणं, हातात इलेक्ट्रिक गिटार, खाली सॅमी प्राइसचा बूगी पियानो. कुठलं न्यू ऑर्लिन्स आणि कुठलं मेम्फिस.

आणि माझी सगळ्यात लाडकी, बिग मामा थॉर्नटनचं 'हाउंड डॉग'. ऑगस्ट १९५२, लॉस एंजेलिस. पीट लुइसची गिटार तिच्या प्रत्येक ओळीला चिमटे काढते आणि ती त्याला मधूनच दम भरते, शेवटी तर सगळा बँड कुत्र्यासारखा भुंकतो. एक बाई ऐतखाऊ पुरुषाला दाराबाहेर काढते आहे, एवढं स्पष्ट गाणं. १९५३ साली ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. तिला एकदाच ५०० डॉलरचा चेक मिळाला, असं ती सांगायची. एल्विसने १९५६ साली गायलं तोवर शब्द बदलून गाणं खरोखरच्या कुत्र्याबद्दल झालं होतं. त्याची तबकडी लाखांनी खपली.

माहेर राहू द्या हो, वाटणी कोणाला मिळाली ते बोला.

तिरकीट

दुसरी बाजू ताई, वाटणीचा मुद्दा मान्य, पण त्याची सरमिसळ नको. 'हाउंड डॉग' लिहिलं लायबर आणि स्टोलर या दोन १९ वर्षांच्या गोऱ्या ज्यू पोरांनी. बदललेले शब्द एल्विसचे नव्हेत. लास वेगासला फ्रेडी बेलचा बँड तसं गायचा, तिथून त्याने उचललं. आणि एल्विसचा ड्रमवाला डी. जे. फोंटाना याचे ते मशीनगनसारखे ड्रम मूळ गाण्यात कुठे आहेत? ती वेगळी तबकडी आहे, आणि मला थॉर्नटनच्या तबकडीपेक्षा जास्त आवडते. (जोडे हळू मारा.)

दुसऱ्याचं गाणं आपल्या ढंगात गाणं याला चोरी म्हणायचं ठरवलं, तर शेलॅकरावांचा डॉमिनोही सुटत नाही आणि चक बेरीही नाही. 'मेबलीन' एका जुन्या कंट्री गाण्यावर बेतलेलं. 'जॉनी बी. गुड'ची ती जगप्रसिद्ध सुरुवात लुई जॉर्डनच्या १९४६च्या एका तबकडीत कार्ल होगनने गिटारवर वाजवलेली जवळजवळ तशीच ऐकू येते. मग बेरीलाही आत टाकायचं का?

दुसरी बाजू

नाही, कारण बेरीने होगनची ती सुरुवात घेऊन त्यावर स्वतःचं गाणं उभं केलं. मी वेगळ्या प्रकाराबद्दल बोलते आहे. १९५५ साली लाव्हर्न बेकरचं 'ट्वीडल डी' चढत होतं, तेवढ्यात जॉर्जिया गिब्जची तबकडी आली. वाद्यमेळ तोच, नक्कल बरहुकूम. रंग गोरा म्हणून रेडिओवाल्यांनी तीच लावली आणि ती जास्त वर गेली. कायद्यात गाण्याला संरक्षण होतं, वाद्यमेळाला नव्हतं. बेकरने डेट्रॉइटचे खासदार चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून कायदा बदला म्हणून मागणी केली. पुढे काही झालं नाही.

'टुटी फ्रुटी'चंही तेच. गोऱ्या पॅट बूनची तबकडी पॉपच्या यादीत लिटल रिचर्डच्या वर गेली. दोन्ही लागोपाठ ऐका. बूनची ऐकताना लाज वाटते.

आणि नुसतं गोरे-काळे असंही नाही. 'मेबलीन'च्या लेखकांत रेडिओवाल्या अ‍ॅलन फ्रीडचं नाव घातलं गेलं, कारण तबकडी तोच वाजवणार होता. बेरीला पूर्ण श्रेय परत मिळायला १९८६ उजाडलं. 'दॅट्स ऑल राइट'चा मूळ गायक आर्थर क्रुडप तर रॉयल्टीसाठी भांडत भांडत १९७४ साली गेला.

तिरकीट

बूनबद्दल शंभर टक्के सहमत. तिथे बचाव करण्यासारखं काही नाही.

पणजीकर

जरा अवांतर. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या, त्यांत 'जॉनी बी. गुड' आहे आणि आमच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. एकाच तबकडीवर दोघं. हे माहीत असलेले रॉकवाले फार थोडे भेटतात, म्हणून लिहिलं.

मूळ विषयावर: बेरी शिकागोत, चेस या रेकॉर्ड कंपनीत मुद्रित झाला. ब्लूजवाल्या मडी वॉटर्सने त्याला तिथे धाडलं. बो डिडलीही तिथलाच, १९५५चा. जेरोम ग्रीनच्या मराकसवर (खुळखुळ्यासारखं वाद्य) तोललेला त्याचा ठेका ना पामरचा, ना मेम्फिसचा. शेलॅक, याचं काय करता?

शेलॅक

बो डिडली वेगळा आहे, त्याला मी कुठल्याच खणात बसवत नाही.

पण बेरीचं उदाहरण माझ्याच बाजूचं. 'जॉनी बी. गुड' कान देऊन ऐका: गिटार सरळ ठोक्यांत चालली आहे आणि मागे बँड अजून शफलमध्येच झुलतो आहे. दोन काळ एकाच तबकडीत. १९५८चं गाणं आहे ते. त्याच्या आधल्या वर्षी बाजारात आलेलं लिटल रिचर्डचं 'लुसिल' लावा. बास, गिटार, सॅक्सोफोन सगळे एकच जाडजूड ओळ धरून चाललेत आणि ड्रम पूर्ण सरळ. तिथे हा तंटा मिटलेला आहे.

दुसरी बाजू, थार्पबाईंची गिटार मला मान्यच आहे, पण ती गिटार आहे, ठेका नाही. तुमच्या वाटणीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. न्यू ऑर्लिन्सलाही फारसं काही उरलं नाही: १९५७ साली पामर लॉस एंजेलिसला गेला, बडे कलाकार पांगले, आणि रँपार्ट स्ट्रीटच्या त्या जागेत पुढे कपडे धुवायची लॉन्ड्री चालायची.

बीलस्ट्रीट

'लुसिल' लावलं. ठेका सरळ आहे, कबूल. आता तुम्ही एल्विसचं सनमधलं १९५५चं 'मिस्टरी ट्रेन' लावा. ड्रम नाही, आणि आगगाडी तरी सुटते. ज्युनियर पार्करने तेच गाणं १९५३ साली त्याच स्टुडिओत गायलं होतं, तेही सोबत ऐका. माहेर न्यू ऑर्लिन्स म्हणा हवं तर, मी मेम्फिसचा दावा सोडत नाही.