'तक्ता पाडा' : बांधायचा की मोडायचा?

इतवारीकर
नागपुरात पदविकेच्या मुलांसाठी डेटाबेसची सराववही मराठीत करून राहिलो आहे. अख्खा तक्ता काढून टाकणाऱ्या 'ड्रॉप टेबल' या आज्ञेला मी 'तक्ता पाडा' लिहिलं. घर पाडतात, भिंत पाडतात, तसंच हे. काल एका मुलानं त्याच ओळीखाली चार रकान्यांचा सुबक नवा तक्ता आखून आणला. म्हणे, "सर, तुम्हीच तर पाडा म्हटलं." चूक त्याची नाही, 'वहीत रकाने पाडा' हे आपण सगळेच ऐकत आलो. आता तक्ता बनवणारं क्रिएट आणि मोडणारं ड्रॉप, दोन्ही पाडणेच असेल तर करू काय?

जुना कारकून
पाडणे दुतोंडीच आहे. नाणी पाडतात, जिलब्या पाडतात, तेव्हा काही तयार होतं. सरकार पाडतात, दात पाडतात, तेव्हा असलेलं जातं. (भोक कोणत्या बाजूला धरायचं ते तुम्ही ठरवा.) 'काढून टाका' लिहा, विषय संपला.

इतवारीकर
संपत नाही ना. चित्रही काढतात आणि काटाही काढतात. शिवाय मला तीन शब्द वेगळे पाहिजेत. डिलीटनं अटीत बसतील तेवढ्या ओळी जातात. ट्रंकेटनं सगळ्या ओळी जातात, पण रकाने, त्यांची नावं, सांगाडा तसाच राहतो. ड्रॉपनं सांगाड्यासकट सगळं.

मागावरचा
सोपं आहे जी. ओळी पुसा, तक्ता खाली करा, तक्ता मोडा.

पुण्याची पाहुणी
'खाली करा' वाचून मी तरी तो पानाच्या तळाशी नेईन. 'रिकामा करा' म्हणा. आणि तक्ता, रकाना हे फारसी-अरबी किती दिवस? सारणी, स्तंभ, पंक्ती हे शब्द आहेत की.

मागावरचा
आमच्याकडे डबा खालीच असते, खोलीही खालीच होते.

जुना कारकून
स्तंभ म्हटलं की मला झिरो माईल दिसतो, आणि पंक्तीत आम्ही जेवायला बसतो. तीस वर्षं महसुलात काढली, फॉर्मवर 'रकाना क्रमांक' वाचून कोणी अडलेला पाहिला नाही. उलट तक्ता बदलणाऱ्या अल्टरला तयार शब्द आहे, फेरफार. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही, शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत.

रात्रपाळी डीबीए
इथेच घोळ होईल, काका. फेरफारानं सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, रकाने तेवढेच राहतात. तो अपडेट झाला. सातबाऱ्याच्या नमुन्यातच नवा रकाना वाढवला तर तो अल्टर. तेव्हा डिफॉल्ट, म्हणजे आपोआप भरायची किंमत, दिली नसेल तर जुन्या ओळींत त्या जागी नल राहतो, म्हणजे 'किंमतच नाही' अशी खूण, आणि नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामा मजकूरही नव्हे. भरल्या तक्त्याला डिफॉल्टशिवाय 'नॉट नल', म्हणजे नल न चालणारा, रकाना जोडायला जा, पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर तिथल्या तिथे नाही म्हणतं. हे फेरफारात कुठं येतं?

जुना कारकून
तलाठीही तिथल्या तिथे नाही म्हणतो. त्यापुरता शब्द बसतो.

पुण्याची पाहुणी
मग 'रिलेशनल डेटाबेस'ला 'नातेसंबंधी विदागार' तरी ठेवा, विदा म्हणजे डेटा. तक्ते एकमेकांशी नात्यानं जोडलेले असतात म्हणून.

रात्रपाळी डीबीए
म्हणून नाही. ही पद्धत मांडणाऱ्या 1970 च्या निबंधात संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडनं रिलेशन हा शब्द गणितातून घेतला. त्याचं रिलेशन म्हणजे आपला तक्ताच. एकुलता एक तक्ता असला तरी डेटाबेस रिलेशनलच.

मागावरचा
विदा तर नकोच. आमच्याकडे नवरीला विदा करतात. पोरं वहीवर रडतील. आणि कोष्टक का कोणी म्हणत नाही? 12 मासे 1 तोळा, हे कोष्टकातच शिकलो. आम्ही कोष्टी, घरी माग होता. ताणा उभा, बाणा आडवा, हेच रकाने आणि ओळी. कोष्टक शब्द आमच्याच मागावरून आला असला पाहिजे.

पुण्याची पाहुणी
कोष्टक 'कोष्ठ'वरून, म्हणजे कोठा. मागाशी काही संबंध नाही.

मागावरचा
धोतराच्या काठातले चौकडे पाहिले नाहीत तुम्ही. कोठेच असतात ते.

जुना कारकून
कोठा म्हटलं की मला धान्य आठवतं. आमच्या आजीची कणगी...

इतवारीकर
वही सोमवारी छापायला जाते. ड्रॉपचं काय करू?

मागावरचा
थांबा जी, आधी कोठ्याचं मिटू द्या.