मदत हवी आहे: स्केच जमतं, चित्र पूर्ण होत नाही

डोक्यात चित्र लख्ख दिसतं. पेन्सिलचं छोटं स्केच १० मिनिटांत होतं, आणि बघणाऱ्यांना तेच आवडतं. पण चौकटी आखून ते मोठ्या कॅनव्हासवर उतरवलं की त्यातला जीवच जातो. तैलरंगात तर पहिला थर वाळेपर्यंत माझा उत्साहही वाळतो! (अशी ७ अर्धवट चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी आहेत.) मायकेलअँजेलो सिस्टीन चॅपेलच्या छतावर १५०८ ते १५१२ राबला, मला चौथा आठवडाही झेपत नाही. छायाप्रकाश आणि रंगसंगतीचे कच्चे नमुने आधी करून घ्यावेत, की थेट कॅनव्हासवरच चुकत शिकावं? आणि मधला तो रटाळ टप्पा तुम्ही कसा काढता? ‘चिकाटी ठेव’ सोडून काहीही सांगा.