मदत हवी आहे: झोपायच्या खोलीचं गोदाम झालंय, आवरायला सुरुवात कुठून करू?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमचा टू बीएचके आहे. घरात मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. आमची बेडरूम दहा बाय अकराची. तिच्यात बॉक्स बेड, लोखंडी कपाट, भिंतीतला वॉर्डरोब, शिलाई मशीन आणि मुलाचं अभ्यासाचं टेबल आहे. एवढंच असतं तरी भागलं असतं. पण हॉल आल्या-गेल्यासाठी नीटनेटका ठेवायचा, म्हणून घरातली जास्तीची प्रत्येक वस्तू याच खोलीत येते. कपाटावरच्या बॅगा छताला टेकल्यात. बेडच्या पोटात रुखवतातली भांडी, पाहुण्यांच्या गाद्या, मुलाची लहानपणची दुपटी आणि गणपतीच्या सजावटीचं सामान.

आता हे निभत नाही, त्याला दोन कारणं आहेत. मुलाला सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू होतात, आणि झोपायच्या खोलीत धूळ धरणारं सामान कमी करा असं डॉक्टरांनी सांगितलंय. दुसरं म्हणजे नवऱ्याला रात्रपाळी असते. तो दिवसा झोपतो आणि नेमकी तेव्हाच कुणाला तरी बेडमधली वस्तू हवी असते. म्हणजे त्याला उठवा, गादी सरकवा, फळी उचला. त्याला सलग झोप मिळावी एवढीच माझी इच्छा आहे.

सगळ्यात जास्त अडलंय ते आहेराच्या साड्या आणि ओटीच्या खणांपाशी. प्रत्येक साडीला सासूबाईंनी चिठ्ठी टाचून ठेवलीय, कुणाकडून आली, कुठल्या कार्यात आली. ज्यांनी दिली त्यांनाच परत जाऊ नये म्हणून. त्यांचं म्हणणं, देण्याघेण्याला लागतातच. ते खरंही आहे. त्यांना न दुखावता हे कमी कसं करू? शिवाय कागदपत्रांच्या दोन बॅगा आहेत, आणि खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग, तो रोज वाढतो. कृपया अनुभव सांगा.

गवतीचहा

ताई, साड्यांपासून सुरुवात करू नका. तिथे सासूबाईंचा जीव आहे आणि पहिल्याच दिवशी वाद झाला तर पुढचं सगळं अडेल. आधी बेडचं पोट घ्या. त्यात फक्त वर्षाकाठी एक-दोनदा लागणारं ठेवायचं, म्हणजे पाहुण्यांच्या गाद्या आणि गणपतीचं सामान. आठवड्याला लागणारी एकही वस्तू तिथे नको, म्हणजे यजमानांना उठवायची वेळच येणार नाही. हे एका रविवारी होतं आणि फरक लगेच कळतो.

गाद्या परत ठेवण्याआधी कडक ऊन द्या. आपल्याकडे पावसाळ्यात बॉक्स बेडच्या आतल्या प्लायला ओल धरते, वास येतो, बुरशी येते. बेड बाहेरच्या भिंतीला चिकटलेला असेल तर चार बोटं पुढे ओढा. पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं की फळ्या दिवसभर उघड्या टाका. नाहीतरी घटस्थापनेआधी आपण घर काढतोच.

शिंकांचं म्हणाल तर मुलाच्या उशा, पांघरुणं आणि कापडी खेळणी आधी बघा. अंथरुणातले धुळीचे किडे साध्या धुण्याने सगळे मरत नाहीत. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात आठवड्याला धुवा. कपाटावर उघडं काहीही नको. बॅगा राहणारच असतील तर त्यांवर जुनी चादर टाका आणि ती चादर धूत जा.

पागोळी

साड्यांबद्दल आमच्याकडे जे झालं ते सांगते. मी सासूबाईंना ‘काय काढायचं’ असं विचारलंच नाही. येत्या वर्षात कुठली कार्यं आहेत ते त्यांच्यासोबत लिहून काढलं: लग्न कुणाचं, बारसं कुणाचं, वास्तुशांत कुठे. प्रत्येक कार्यासमोर त्यांनीच साडी नेमली, टॉवेल-टोपीसुद्धा. त्या सगळ्या एका कप्प्यात मावल्या. उरलेल्या दोघीचौघींना देऊन टाकू, असं त्या आपणहून म्हणाल्या, कारण कुणाला काय शोभेल हे त्यांनाच ठाऊक. तुमच्या सासूबाईंच्या चिठ्ठ्यांची पद्धत फार चांगली आहे, ती मोडू नका. खणांच्या पिशव्या शिवता येतात. मशीन घरात आहेच.

पैठणी आणि रेशमी साड्या प्लास्टिकमधून काढून सुती कापडात गुंडाळा, आत दमटपणा कोंडत नाही. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, जर काळवंडते. त्याऐवजी वेखंड किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नव्या जागी घाला, नाहीतर साडी घडीवरच विरते. मऊ पडलेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घ्या. सासूबाईंच्या साड्यांची गोधडी नातवाच्या अंगावर आली की त्यांनाही बरं वाटेल, आणि ती धुताही येते. वापरण्याजोगे धड कपडे बोहारणीला द्या, किंवा गूंजसारख्या संस्थेला स्वच्छ धुऊन द्या.

कंदील

कागदांचं मी सांगतो. घराचा करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्म-विवाहाचे दाखले, विम्याच्या चालू पॉलिसी, मुलांच्या गुणपत्रिका हे मूळ कागद कधीही टाकायचे नाहीत. हे सगळं एका फाइलमध्ये मावतं. घरात नसलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड, जुनी वीजबिलं, बंद पॉलिसींची पत्रकं बिनधास्त काढा. आयकराचे कागद आम्ही सात वर्षांचे ठेवतो. दवाखान्याचे रिपोर्ट माणसागणिक वेगळे करून तारखेने लावा, अडचणीच्या वेळी तेच आधी लागतात. खाते क्रमांक, आधार क्रमांक असलेले कागद रद्दीत देण्याआधी बारीक फाडा.

आणि कृपया आवरण्याआधी नवे डबे, खण, कप्पे विकत आणू नका. सामान कमी झाल्यावर किती लागतात ते कळतं, बहुतेक वेळा लागतच नाहीत.

खुर्चीवर जे साचतं ते एकदा घातलेले, धुवायचे नसलेले कपडे असतात. ते कपाटात ठेवायला मन घेत नाही आणि धुवायला टाकायलाही नाही, म्हणून ते खुर्चीवर जातात. दारामागे माणशी दोन खुंट्या ठोका आणि खुर्ची खोलीबाहेर न्या. खुंट्या भरल्या की धुवायला टाकायचे.

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. पागोळीताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी लगेच कॅलेंडर मागवलं, पहिलं नाव भाचीच्या डोहाळजेवणाचं निघालं! बेडचं येत्या रविवारी काढतो. एक राहिलं: शिलाई मशीन कुठे ठेवू? मी रोज वापरते, पण त्याच्या आवाजाने दिवसा यांची झोप मोडते.

गवतीचहा

मशीन हॉलमध्ये खिडकीशी न्या, उजेडही चांगला मिळेल. पाहुण्यांना दिसलं तर दिसू दे. महिन्यातून दोनदा येणाऱ्यांसाठी रोज झोपणाऱ्यांची खोली भरून ठेवायची, हे मला पटत नाही. मुलाचं टेबलही जमलं तर तिकडेच हलवा. खालची फरशी पुसायला मोकळी झाली की धूळ निम्म्यावर येईल.