मदत हवी आहे: गच्चीवरची पवनचक्की फिरते, पण १२ व्होल्टची बॅटरी भरत नाही

गच्चीवाला_मानेवाडा
घरी बनवलेली चक्की आहे, पाती ४ फूट. बॅटरी १५० एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर. बॅटरी न जोडता मीटर १७-१८ व्होल्ट दाखवतो, जोडली की लगेच १२.२. रात्रभर वारा होता, सकाळीही १२.२च. डायोड बदलून झाले. पावसाळ्याचा वारा वाया चालला आहे, लवकर सांगा.

तांब्याची_तार
४ फूट म्हणजे एक पातं की पूर्ण व्यास? कॉइल किती, त्यांचे तीन गट (फेज) स्टारमध्ये (एकेक टोक एकत्र) की डेल्टात (त्रिकोणात)? मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर आहे का? व्होल्ट खाली येणारच, बॅटरी त्यांना आपल्या पातळीला धरून ठेवते. अँपिअर बघा. आधी तिन्ही फेजच्या तारा एकमेकींना जोडून (शॉर्ट करून) चक्की थांबवा, मग मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर रेक्टिफायरचा (एसीचं डीसी करणारे ते डायोड) प्लस आणि बॅटरीचा प्लस यांच्यामध्ये जोडा. काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात. तशीच बॅटरीच्या दोन टोकांना लावली तर मीटरचा फ्यूज गेला.

ऊनच_ऊन
भाऊ, काहून एवढा खटाटोप? नागपूरच्या उन्हात ३३५ वॅटचं एक पॅनल दिवसाला दीड युनिट देतं. फिरणारा भाग नाही, बेअरिंग नाही.

गच्चीवाला_मानेवाडा
सोलरचं विचारलेलं नाही. रात्री आणि ढगाळ दिवसांत चार्जिंग हवं आहे. व्यास ४ फूट. दोन चकत्यांवर १२-१२ चुंबक, मध्ये ९ कॉइल, स्टार. कंट्रोलर सोलरचाच, पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद करून चार्ज करणारा). करंट ०.३ ते ०.४. बॅटरी जोडली की पाइप घरघरतो, ते होतच असेल.

लोखंडी_पाइप
करंट वाऱ्याइतकाच येणार. ४ फूट व्यासाला ३ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात जेमतेम ५ वॅट मिळतात, म्हणजे हेच तुमचे ०.४ अँपिअर. वारा दुप्पट झाला तर आठपट. पाइप किती उंच? आजूबाजूच्या कडुनिंबांच्या आणि पाण्याच्या टाक्यांच्या वर निदान ३० फूट हवा. कठड्याजवळ वारा घुसळलेला असतो. पाती फिरताना दिसतात, पण ताकद नसते.

तांब्याची_तार
उंची बरोबर, पण घरघर म्हणजे तिन्ही फेज सारखं ओझं घेत नाहीत. बॅटरी सोडवा, रेक्टिफायरही सोडवा. ड्रिल मशीनने एकाच वेगात फिरवा आणि तिन्ही जोड्यांत एसी व्होल्ट मोजा: लाल-पिवळी, पिवळी-निळी, लाल-निळी. तिन्ही सारखे यायला हवेत.

वीजबिल_शून्य
महावितरणचं नेट मीटर (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करणारं) घेतलं तर बॅटरीच लागत नाही. अर्ज ऑनलाइन होतो.

लोखंडी_पाइप
१२ व्होल्टच्या चक्कीला नेट मीटर कशाला? त्याआधी तो सोलर कंट्रोलर काढा. बॅटरी भरली की तो पॅनलची जोडणी तोडतो. पॅनलला चालतं, पण चक्कीवरचं ओझं गेलं की ती मोकाट सुटते. व्होल्टेज चढून कंट्रोलर जळतो, वादळी वाऱ्यात पातीही जातात.

ऊनच_ऊन
सगळे तोडत नाहीत. काही कंट्रोलर पॅनल शॉर्ट करतात.

लोखंडी_पाइप
जोराच्या वाऱ्यात एकदम शॉर्ट म्हणजे पात्यांना झटका आणि कॉइल गरम. चक्की कायम बॅटरीला जोडलेली ठेवा आणि बॅटरीवर डम्प लोड (जास्तीची वीज खाणारं ओझं) लावा: १४.४ व्होल्टला रिले (आपोआप चालणारा स्विच) चालू, १३.२ ला बंद. गाडीचे ५५ वॅटचे दोन बल्ब समांतर लावले तरी ९-१० अँपिअर खातात.

तांब्याची_तार
बल्ब नको. फिलामेंट तुटलं की लोड गेला आणि कळतही नाही. १.५ ओहमची नायक्रोम तार, सिरॅमिकवर गुंडाळून, लाकडापासून लांब. तेवढेच अँपिअर, १४० वॅटच्या आसपास उष्णता.

गच्चीवाला_मानेवाडा
मोजलं. लाल-पिवळी ११, पिवळी-निळी ६.४, लाल-निळी ६.३. कॉइल तुटली का? पुन्हा गुंडाळायची?

तांब्याची_तार
गुंडाळू नका. तुटली असती तर दोन जोड्यांत जवळपास शून्य आलं असतं. ११ च्या ५८ टक्के म्हणजे ६.४, म्हणजे एक फेज उलटी जोडली आहे. दोन्ही कमी आकड्यांत निळी आहे, म्हणून निळीच. तिचं स्टारमधलं टोक बाहेर काढा, बाहेरचं टोक स्टारमध्ये जोडा, सोल्डर करा. पुन्हा मोजा, तिन्हीकडे ११ यायला हवं. मग तिन्ही फेज शॉर्ट करून हाताने फिरवा, जड पण एकसारखं फिरलं पाहिजे. आता बॅटरी भरते आहे ती मुख्यतः लाल-पिवळीवर.

लोखंडी_पाइप
आणि बॅटरीच्या प्लसपाशी ३० अँपिअरचा फ्यूज. तो उडाला तरी चक्की थांबवता यावी म्हणून शॉर्ट करायचा ब्रेक स्विच रेक्टिफायरच्या आधी, तिन्ही फेजवर लावा.