काळ्या मातीत बग्गी बसवताना: इंदूरकरांचा अनुभव धागा

मंडळी, इंदुरात रिमोटच्या रेसिंग बग्ग्या चालवणारे आपण मोजके, आणि तेही आपापल्या कोपऱ्यात पाना घेऊन बसलेले. परदेशी सेटअप शीट (गाडीची सगळी मापं आणि जुळण्या लिहिलेला कागद) बघून गाडी तशीच्या तशी बांधायची, आणि मैदानावर ती भलतीकडेच गेली की सर्व्होला (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला) शिव्या घालायच्या, हा आपला कार्यक्रम. पण ते शीट ज्या ट्रॅकसाठी लिहिलेलं असतं तिथली माती पाणी मारून, रोलर फिरवून दाबलेली असते. आपली माळव्याची ‘गहन गंभीर’ माती मे महिन्यात भेगाळते, जुलैत चाकाला लिंपून बसते, आणि दिवाळीनंतर काही आठवडे अशी घट्ट होते की टायरचा आवाज येतो. एकाच गाडीला वर्षभरात निदान तीन सेटअप लागतात, हे माझं ठाम मत. न पटणाऱ्यांनी जरूर भांडावं.

लिहिताना एवढंच करा: तुम्ही कोण-कुठले, गाडीचं माप (१/१० म्हणजे खऱ्या गाडीचा दहावा भाग), टू व्हील की फोर व्हील (मोटरचा जोर दोन चाकांना की चारही), जमीन आणि ऋतू आधी सांगा. मग काय बदललं आणि गाडी काय वेगळं करायला लागली ते. कुठल्या कंपनीची गाडी भंगार, हा विषय नको, त्यावर आपलं पुरेसं वाजून झालंय.

सुरुवात माझ्यापासून. १/१० टू व्हील, दसरा मैदानाच्या कडेची कोरडी जमीन, वर बारीक धूळ, फेब्रुवारी-मार्च. दुखणं नेहमीचंच: वळणातून बाहेर पडताना ट्रिगर ओढला की मागची बाजू पुढे यायला बघते. बॅटरी मागे सरकवली, मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलंडू न देणारी तार) काढला, मागच्या स्प्रिंगा एक नंबर मऊ लावल्या. मागचा टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली असणं) ३ अंशांवर होता, त्याला हात लावला नाही. प्रत्येक बदलानंतर गाडी थोडी शहाणी झाली, पण खरा फरक पडला तो स्लिपर क्लच (एकदम जोर आला की सरकून झटका गिळणारा क्लच) सैल केल्यावर. उभ्या गाडीला एकदम पूर्ण ट्रिगर द्यायचा आणि कान द्यायचा. पहिल्या फूट-दीड फुटात क्लच सरकल्याचा बारीक आवाज यायला हवा. आवाजच नाही तर नट घट्ट आहे, आणि लांबपर्यंत येत राहिला तर क्लचची पॅडं जळतील. ईएससीमधला (मोटरला वीज देणारा कंट्रोलर) पंच, म्हणजे सुरुवातीचा झटका, तोही कमी केला. धुळीत मोटरची ताकद चाकापर्यंत हळूहळू पोचली तरच ती कामाची.

सुदामानगर. १/१० फोर व्हील, गाडी नातवाची, हात माझे.

पीथमपूरच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी शॉकअॅब्सॉर्बरच्या लाइनवर झाली, त्यामुळे मी दुसऱ्या कशावर बोलणार नाही. तुम्ही लोक स्प्रिंगा आणि बार बदलत बसता, आणि आत शॉकमध्ये हवा भरलेली असते. चारही शॉक चार तऱ्हेचे असतील तर वरचा कुठलाही हिशेब खरा ठरत नाही.

शॉक उभा धरावा, दांडी पूर्ण खाली ओढलेली. तेल काठोकाठ भरावं. मग दांडी अगदी सावकाश वर-खाली करावी, पण पिस्टन तेलाच्या बाहेर येऊ देऊ नये. पिस्टनच्या भोकांतून बुडबुडे निघतात, आधी मोठे, मग मोहरीएवढे. घाई करू नये. शॉक तसाच उभा ठेवून चहा घ्यावा. परत आल्यावर तेल थोडं खाली बसलेलं दिसेल, ते भरून घ्यावं. रबरी पडदा बसवताना जास्तीचं तेल बाजूने निघतं, ते निघू द्यावं, मग टोपण आवळावं.

आता जोडी तपासायची. डावा आणि उजवा शॉक, स्प्रिंग न लावता, तोंडाला तोंड लावून दोन हातांनी एकमेकांवर दाबावेत. जो आधी आत जाईल तो मऊ. दोन्ही एकाच वेळी आत गेले पाहिजेत आणि सोडल्यावर सारखेच परत आले पाहिजेत. लांबीही कॅलिपरने मोजून सारखी करावी. एक शॉक अर्ध्या मिलिमीटरने लांब असला तरी गाडी एका बाजूचं वळण गोड घेते आणि दुसऱ्या बाजूला नखरे करते.

तेलाचं म्हणाल तर हिवाळ्यात पुढे ३५ आणि मागे ३० नंबर (नंबर मोठा तितकं तेल जाड). एप्रिल लागला की दोन्हीकडे ५ नंबर वर. सिलिकॉनचं तेल उष्णतेने पातळ होतं, आणि दुपारी ४२ अंशांत शॉक हाताला चटका देतो.

याच्याखाली मी लिहितोय. कॉलेजच्या बाजा टीममध्ये (विद्यार्थ्यांनी बग्गी बांधायची स्पर्धा) आहे, १/१० टू व्हील, जमीन मिळेल ती.

काका, नमस्कार. तुमचा तोंडाला तोंड लावायचा प्रकार आमच्या अख्ख्या टीमला दाखवला. बाजा एसएईच्या स्पर्धेसाठी पीथमपूरला आम्ही खरीखुरी माणूस बसायची बग्गी नेतो, आणि तिथे जी भाषा बोलतो तीच इथे १/१० मापात चालते. फक्त टप्पे-टोणपे गाडीच्या मानाने फार मोठे असतात.

कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, मोजायला गेज नसेल तर सुताराचा गुण्या घ्या. आईची परवानगी काढून स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर गाडी ठेवा, कारण घरात त्याच्याइतकी सपाट जागा नाही. बॅटरी बसवलेली हवी. गाडी वीतभर उंचीवरून दोन-तीनदा सोडा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. आता गुण्या टायरच्या बाहेरच्या बाजूला खालून टेकवा आणि वरची फट बघा. १/१० बग्गीचं मागचं टायर साधारण ८५ मिमी व्यासाचं, म्हणजे दीड मिलिमीटर फट दिसली की जवळपास १ अंश. मी मागे १ आणि पुढे १ ते १.५ ठेवतो, चाक वरच्या बाजूने आत झुकलेलं. नंतर टायरच्या काट्यांकडे बघा. आतली बाजूच झिजतेय तर कॅम्बर जास्त आहे. गेज खोटं बोलेल, झीज बोलत नाही.

उंची त्याच ओट्यावर. मागचे ड्राइव्हशाफ्ट (चाकं फिरवणाऱ्या दांड्या) जमिनीला समांतर दिसेपर्यंत शॉकवरची स्प्रिंगची कॉलर फिरवायची. खड्डे जास्त असतील तर थोडी वर, आणि ड्रूपही (चाकाला खाली लटकायची मोकळीक) वाढवायचा, म्हणजे चाक खड्ड्यात उतरून जमीन धरून राहतं.

धागाकर्त्यांशी एका बाबतीत पटत नाही. मागचा बार काढून पकड येते हे खरं, पण दिवाळीनंतरच्या घट्ट जमिनीवर मग गाडी इतकी कलंडते की वळण बदलताना उशीर करते. तिथे मी बार परत लावतो.

चिमणबाग. टायर, टायर आणि टायर. धुळीला लांब काटे, घट्ट जमिनीला बारीक काटे, आतला फोम ओला राहिला असेल तर घरी जा. बाकीचं सगळं नंतर.

रामचंद्रनगर. मुलगी आठवीत आहे, १/१४ फोर व्हील, कॉलनीतला मोकळा प्लॉट.

माझी पोर चालवते, मी नट उचलून आणते. तुम्ही सगळे गाडीबद्दल लिहिताय, रिमोटबद्दल कोणीच नाही, म्हणून लिहिते. तिच्या गाडीला पकड नव्हती असं नाही, तिचं बोट पकडीपेक्षा फास्ट होतं. आधी ट्रिम (रिमोटवरची स्टिअरिंगची बारीक दुरुस्ती) लावून गाडी सरळ धावेल असं केलं. मग स्टिअरिंगचा ड्युअल रेट कमी केला, म्हणजे चाकं पूर्ण वळतच नाहीत. एक्स्पो असा लावला की मधल्या भागात स्टिअरिंग हलकं राहील आणि टोकाला तेवढंच वळेल. ट्रिगर सोडल्यावर लागणारा ड्रॅग ब्रेकही कमी केला, कारण वळणात घाबरून तिने बोट काढलं की मागची चाकं अडायची आणि गाडी गिरकी घ्यायची. एका संध्याकाळी एवढंच केलं, गाडीचा एक स्क्रूही उघडला नाही. आता ती रेट स्वतःच वाढवून मागते, आणि बॅटरी ‘स्टोरेजला लावलीस का’ हेही मलाच विचारते. (ठेवून द्यायची तर सेलमागे ३.८ व्होल्ट, पाठ झालंय.)

महूकडचा. १/८ इलेक्ट्रिक, मुरमाड उतार, बारा महिने.

मोठ्या गाडीत तीन डिफ (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), त्यामुळे खेळ वेगळा. पुढे ५, मध्ये ७, मागे २ हजार नंबरचं तेल (किंमत नव्हे, जाडी), इथून सुरुवात करा. मधलं जाड केलं की मागच्या चाकांना जोर जास्त जातो आणि उडी मारायला बरं पडतं. पातळ केलं की पुढची चाकं रिकामी फिरतात, पण खडबडीत जमिनीवर गाडी सांभाळायला सोपी होते. मुरमावर मी पातळ ठेवतो. मागचं जाड करायच्या भानगडीत सुटी जमीन असेल तर पडू नका, शेपूट लगेच सुटते.

उन्हाळ्यात पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) एक दाताने लहान. मोटर ८० अंशांच्या आत राहिली पाहिजे, त्यापलीकडे चुंबकाची ताकद जाते आणि मग कसलाच सेटअप उपयोगाचा नाही. गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका.

इंदूरचाच, हल्ली मुक्काम वडोदरा. १/१० फोर व्हील, सोसायटीचं काँक्रीट पार्किंग.

इथे माती नाही, गुळगुळीत काँक्रीट आहे, आणि त्यावर सूक्ष्म धूळ. रबरी काट्यांची टायरं काढून सपाट लावली, उंची कमी केली, जाड बार लावले. तरी सरकायची. मग साखरेचं पाणी शिंपडलं. हा प्रकार बाहेर पार्किंगमधल्या रेसमध्ये खरंच करतात, पाणी वाळलं की चिकट थर राहतो आणि टायर धरतं. पकड एवढी आली की गाडी वळणात कलंडून आडवी व्हायला लागली, पुढचा बार पुन्हा बदलावा लागला. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग आणि सेक्रेटरीची चिठ्ठी एकदमच आली. आता परवानगी पहाटेची आणि नंतर धुऊन द्यायच्या अटीवर.

स्नेहलतागंज. नवीन आहे, १/१० टू व्हील. चिमणबागवाले दादा, टायर बदलायची तर आहेत, पण ती रिमला चिकटवलेली आहेत. रिम वाचवता येतात का?

चिमणबाग. येतात. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात एसिटोन घे, चाक बुडेल एवढं, झाकण लाव आणि रात्रभर गच्चीत सावलीत ठेव. घरात नको, गॅसजवळ तर मुळीच नको. सकाळी हातमोजे घालून काढ, टायर हाताने सुटतं. रिम ज्या प्लास्टिकचे आहेत ते आधी एका जुन्या रिमवर तपास, काही मऊ पडतात. नवीन टायर लावण्याआधी रिमची खाच आणि टायरची कड दोन्ही पुसून कोरडी कर, नाहीतर पहिल्याच उडीत निघेल. सुपरग्लू पातळवाला, थेंब-थेंब, चार ठिकाणी आधी टाचून घे आणि मग गोल फीर. टायरच्या आत हवा जायला भोक आहे ना तेही बघ, नसेल तर मधोमध बारीक पाड.